कासाडीचा जीर्णोद्धार

कोणत्याही गावाचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे लेखणी प्रथम देवळाकडे वळते. देऊळ कोणी बांधले, कळस कधी चढला, वर्गणी कोणी किती दिली, याच्या नोंदी राहतात आणि आठवणीही राहतात. शेतीवाडीचा इतिहास सातबाराच्या उताऱ्यावर सापडतो. परंतु ज्या पाण्याच्या आधाराने गाव वसले, त्या पाण्याचा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघत असलेल्या या स्मरणिकेत कासाडी नदीची आणि कामोठ्याच्या अंगाने जाणाऱ्या तिच्या खाडीची हकीकत देण्याचे प्रयोजन हेच आहे. मोडकळीस आलेले देऊळ गाव पुन्हा उभे करू शकते, हे ग्रामस्थांनी आणि देणगीदारांनी दाखवून दिलेले आहे. मोडकळीस आलेला ओढा पुन्हा उभा करता येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या क्रमाने, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

दोन पाण्यांमधील गाव

कासाडी ही काही मोठी नदी नव्हे. तिला नदी म्हणावे की ओढा, असा प्रश्न पडावा इतकी ती लहान आहे. पूर्वेकडील डोंगराळ भागातून निघून तळोजे, नावडे, रोडपाली या बाजूने ती खाली येते आणि खारघर व कामोठे यांच्यामधील खाडीस मिळते. लोक तिला तळोजे खाडी म्हणतात. माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी नदी पनवेल शहराजवळून वाहत येते. दोहोंचे पाणी पनवेल खाडीत एकत्र येते आणि पुढे ठाणे खाडीच्या मुखाशी समुद्राला भिडते. कामोठे हे या दोन पाण्यांच्या मधले गाव. रेल्वे, महामार्ग आणि मातीचे भराव नव्हते त्या काळी, पावसाळ्यातील उधाणाला दोहो बाजूंचे पाणी चढले म्हणजे मधला भूभाग बेटासारखाच दिसावा, अशी येथील रचना आहे.

कोकणातील लहान नद्यांचा स्वभाव देशावरील नद्यांपेक्षा निराळा असतो. पनवेल भागात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो सारा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत ओढा दुथडी भरून वाहतो. उरलेले आठ महिने डोंगराकडून येणारे पाणी आटत जाते आणि खालच्या भागात समुद्राचे राज्य चालते. दिवसरात्रीत दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी. पौर्णिमा आणि अमावस्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. खाडीवर पोट असणाऱ्या माणसाला हे पंचांग पाहावे लागत नसे. पाण्याकडे पाहून तो तिथी सांगत असे.

गोडे पाणी आणि खारे पाणी जेथे मिसळते तेथे मासळीची पैदास होते. तिवर, चिपी, कांदळ ही खारफुटीची झाडे तेथे उभी राहतात. त्यांच्या मुळ्या गाळ धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात आणि माशांच्या पिल्लांना आसरा देतात. जिताडा, बोईट, कोलंबी, चिंबोरी, निवटी ही सारी या मिसळीच्या पाण्याची संपत्ती. पनवेल तालुक्यातील खाडीकाठच्या आगरी आणि कोळी कुटुंबांना या संपत्तीने पिढ्यान्‌पिढ्या पोसले. भात हे वर्षाचे पीक, मीठ हे उन्हाळ्याचे, आणि पागेर घेऊन खाडीत उतरले की रोजचे कालवण, असे हे तिहेरी जीवन होते. ज्यांच्या नावातच मिठाचे आगर आहे त्या समाजाला खाडीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

बांध आणि उघाडी

खाडीकाठी शेती करणे हे समुद्राशी रोजची बोलाचाली करण्यासारखे आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालावयाचा. अलिबाग-पेणकडे समुद्राच्या बाजूच्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. बांध घातला म्हणजे खारे पाणी बाहेर राहते हे खरे, पण आत पडलेले पावसाचे पाणी कोठे जावे? यासाठी बांधात जागोजाग उघाडी ठेवलेली असते.

उघाडीची युक्ती साधी आणि पक्की आहे. बांधाच्या तोंडाशी एक झाप बसविलेली असते, आणि ती फक्त समुद्राच्या बाजूस उघडते. ओहोटी लागली म्हणजे आतले पाणी झापेला ढकलून बाहेर पडते. भरती आली म्हणजे समुद्राचेच पाणी झाप दाबून बंद करते. माणसाने फक्त झाप शाबूत ठेवावयाची, तिच्यात लाकूड वा गाळ अडकू द्यावयाचा नाही आणि बांधाला खांड पडली तर ती दुसऱ्या भरतीपूर्वी बुजवावयाची.

खार जमिनीत नांगर चालत नाही. पावसाच्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन निघाले आणि चिखल मऊ झाला म्हणजे मोड आलेले बी त्यात फोकून पेरीत. लावणीची पद्धत नसे. खारे सोसणारे तांबूस तांदळाचे राता भात यात पिके. समुद्राचे पाणी एकदा आत शिरले तर ती जमीन पुन्हा गोडी व्हावयास काही पावसाळे जावे लागत. म्हणूनच बांध हा कोणा एका शेतकऱ्याचा नसे. एकाच्या बेफिकिरीने दहा जणांचे शेत बुडत असे. खांड पडल्याची हाक आली म्हणजे हातातले काम टाकून सारा गाव फावडी-घमेली घेऊन धावे. गाव करी ते राव न करी, ही म्हण खारेपाटात अक्षरशः खरी होती.

कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या महसुली व्यवस्थेत शिलोत्री नावाची एक पद्धत आढळते. बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराकडे असे आणि त्याबद्दल शेतकरी सरकारी साऱ्याखेरीज भाताचा ठराविक हिस्सा त्याला देत. कोठे शिलोत्रीदाराने हिस्सा घेऊन बांधाकडे दुर्लक्ष केले, तर भुर्दंड शेतकऱ्यासच बसे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई खार जमीन कायदा आला आणि खारभूमीच्या बांधांचे काम सरकारी यंत्रणेकडे येऊ लागले. १९७९ साली महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा झाला. व्यवस्था बदलत गेल्या, पण मूळ तत्त्व एकच राहिले. पाण्याची राखण ही एकदा करून विसरण्याची गोष्ट नाही, ती दर भरतीला नव्याने करावी लागते.

सातबाऱ्यावर नसलेली खाडी

१९७० हे वर्ष या पंचक्रोशीच्या इतिहासात कलाटणीचे ठरले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याचे काम तिच्याकडे आले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या प्रकल्पासाठी घेण्याचे ठरले. त्यांत कामोठेही होते. भाताची खाचरे आणि खार जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात उरण तालुक्यात जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा इतिहास गावातील थोरामोठ्यांना तोंडपाठ आहे. त्याची उजळणी येथे करण्याची आवश्यकता नाही.

मात्र त्यातील एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मोबदला मिळाला तो जमिनीचा, कारण जमीन सातबाऱ्यावर होती. तिला गट नंबर होता, क्षेत्र होते, आकार होता, खातेदाराचे नाव होते. खाडी कोणाच्याच नावे नव्हती. पाग टाकण्याचा हक्क, चिंबोऱ्या धरण्याचा हक्क, निवट्या वेचून आठवड्याचा बाजार करणाऱ्या बायाबापड्यांची मिळकत, यांसाठी उताऱ्यावर रकाना नव्हता. ज्याची नोंद नाही ते गेले तरी त्याचा पंचनामा होत नाही. जमीन गेली तेव्हा गाव रस्त्यावर उतरला. खाडी गेली ती इतकी हळूहळू, की कोणत्या दिवशी गेली हे कोणाला सांगता येणार नाही.

या बाबतीत कायद्याने अलीकडे थोडे डोळे उघडले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली मच्छिमारांचा परंपरागत मासेमारीचा हक्क मान्य करून त्यांना नुकसानभरपाई देण्यासंबंधी आदेश दिले. उताऱ्यावर नाव नसले तरी उपजीविकेचा हक्क असतो, हे त्यातून पुढे आले.

असो. नवे शहर वसविणाऱ्यांनाही समुद्राशी जुळवून घ्यावेच लागले. नवी मुंबईतील पुष्कळशी वस्ती भरतीच्या पातळीपेक्षा सखल जमिनीवर आहे. म्हणून सिडकोने हॉलंड देशातील पद्धतीप्रमाणे धारण तलाव बांधले. पावसाचे पाणी त्यात साठते, भरतीच्या वेळी झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात आणि पाणी खाडीत जाते. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की ही आपल्या वाडवडिलांची उघाडीच आहे. फरक इतकाच की उघाडीवर गावाची नजर असे आणि धारण तलाव हा खात्याचा विषय झाला. शहरातील अनेक धारण तलावांत गाळ साचला. गाळावर खारफुटी उगवली. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे गाळ काढणे अवघड होऊन बसले. वेळच्या वेळी राखण झाली असती तर झाड आणि पाणी यांच्यात असा तंटा लागलाच नसता.

रंगीत पाणी

दरम्यान वरच्या अंगाला तळोजे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. रसायने, रंग, औषधे यांचे कारखाने तेथे आले. माशांवर प्रक्रिया करून ते परदेशी धाडणारे कारखानेही आले. त्यातून हजारो हातांना काम मिळाले, ही गोष्ट मान्यच केली पाहिजे. पण कासाडी वाहते ती या वसाहतीमधूनच. खालच्या खाडीतील मासळी कमी होत गेली आणि वरच्या काठावर लांबून आणलेली मासळी डब्यांत भरली जाऊ लागली. दैवाचा खेळ म्हणावा तो याला.

येथे एक शास्त्रीय बाब समजून घेणे उपयुक्त ठरेल. पावसाळ्यात ओढ्याला भरपूर पाणी असते, त्यामुळे आत आलेली घाण विरळ होऊन वाहून जाते. उन्हाळ्यात डोंगराचे पाणी आटले म्हणजे ओढ्यात उरते ते केवळ कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी. ते खाडीत पोहोचले तरी लगेच समुद्रात जात नाही. ओहोटीला थोडे खाली सरकते आणि पुढच्या भरतीला पुन्हा वर येते. भांगाच्या दिवसांत भरतीओहोटीचा जोर कमी असतो, तेव्हा तर ते जागच्या जागीच हेलकावे खात राहते. सांडपाण्यातील कुजणारे पदार्थ पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. मासा पाण्यात असूनही गुदमरतो. भरतीची रेघ संपते त्या टोकाच्या गावांना याची झळ अधिक लागते, कारण त्यांच्याकडे घाण दोन्ही बाजूंनी येते.

कायदे नव्हते असे नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ साली केला. सप्टेंबर १९७० मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा १९७४ साली आला. तळोजे येथे कारखान्यांचे सांडपाणी एकत्र घेऊन शुद्ध करण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्रही उभारले गेले. तरीसुद्धा ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजे परिसरात अंगावर निळा रंग चढलेले कुत्रे फिरताना दिसले, तेव्हा त्यांची छायाचित्रे देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत छापून आली. प्रदूषण मंडळाने चौकशी करून एक रंगाचा कारखाना बंद करविला. मासे मेले तेव्हा जगाचे लक्ष गेले नाही, कुत्रे निळे झाले तेव्हा गेले. कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. लवादाने नुकसानभरपाईपोटी कोट्यवधी रुपये भरण्याचे आदेश दिले. प्रक्रिया केंद्र सुधारण्याचे प्रयत्न सुरू झाले. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत, आणि कासाडी अद्याप निर्मळ झालेली नाही.

दुसरीकडे खारफुटीच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास आणि तिच्यावर भराव टाकण्यास मनाई केली. २०१२ साली राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने सांगितले की खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. खारफुटीचा एक मोठा गुण असा की भरतीचे पाणी मोकळेपणी येजा करीत असेल तर ती बहुधा आपणहून उगवते. रोप लावण्याच्या समारंभापेक्षा पाण्याची वाट मोकळी ठेवणे तिला जास्त मानवते. वाट बंद केली, राडारोडा टाकला, तर हजार रोपे लावूनही ती जगत नाहीत.

दोन बेटांवरील दोन ओढे

कासाडीचे पुढे काय करावे याचा विचार करताना इतरांनी काय केले हे पाहणे शहाणपणाचे ठरेल. यासाठी दोन बेटांवरील दोन लहान प्रवाहांची उदाहरणे घेता येतील.

पहिले बेट आपल्या समोरचेच, साष्टी. मुंबईची उपनगरे ज्यावर वसली आहेत त्या बेटावर मिठी नावाची सुमारे अठरा किलोमीटर लांबीची नदी आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीस मिळते. विमानतळासाठी तिला वळविण्यात आले, तिच्या मुखाजवळच्या दलदलीवर भराव पडून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, काठांवर दाट वस्ती झाली. हळूहळू लोक तिला नाला म्हणू लागले. नदीला नाला म्हणावयास सुरुवात झाली म्हणजे तिच्यात काय टाकावे याचीही मुभा मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने आपली जुनी जागा परत मागितली. त्याच सुमारास पनवेल-कळंबोली परिसरातही पाणी शिरले, हे येथील लोकांना आठवतच असेल. त्यानंतर लगेच ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. पात्र रुंद केले गेले, काठाला भिंती बांधल्या गेल्या, वर्षानुवर्षे गाळ काढला गेला. परंतु सांडपाणी पात्रात येतच राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतील सर्वाधिक म्हणजे ५३ महाराष्ट्रातील होते, आणि मिठीचे नाव अतिप्रदूषित वर्गात होते. गाळ काढण्याच्या कामातील गैरव्यवहाराबद्दल तर २०२५ साली मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल केला.

दुसरे बेट सिंगापूर. तेथील कलांग ही नदी जेमतेम दहा किलोमीटरची. एकेकाळी तीही घाणीने काळी पडली होती. १९७७ साली तेथील पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कलांगचे मुख दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे काम अधिकाऱ्यांवर सोपविले. त्यांनी आधी काठ सुशोभित केले नाहीत. घाण कोठून येते त्या प्रत्येक ठिकाणाची यादी केली. डुकरे व बदके पाळणारे वाडे हलविले, फेरीवाल्यांना नळ आणि गटार असलेल्या मंडया दिल्या, झोपड्यांतील हजारो कुटुंबांना पक्की घरे दिली, मैलापाण्याच्या वाहिन्या टाकल्या. त्यानंतर तळाचा गाळ काढला. १९८७ साली काम पुरे झाले. यात गरिबांना आपले ठाव आणि धंदे सोडावे लागले, हेही विसरता कामा नये. प्रकल्पग्रस्त म्हणून जगलेल्या गावाला त्याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

खरी गंमत पुढेच आहे. पाणी शुद्ध झाल्यावर, २००९ ते २०१२ या काळात, बिशान नावाच्या भागात कलांगचे सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे सरळ सिमेंटचे पात्र तेथील सरकारने स्वतःच फोडून टाकले. त्या जागी दगड, माती आणि झाडांच्या मुळ्यांनी धरलेले वळणावळणाचे काठ तयार केले. पावसात पाणी पसरावयास दोन्ही बाजूंना मैदान सोडले. पुढे त्या पाण्यात पाणमांजरेही वावरू लागली. भिंती बांधून जे साधले नाही ते भिंती काढून साधले.

दोन्ही बेटांवर पैसा खर्च झाला, दोन्हीकडे गाळ निघाला. एकीकडे घाणीच्या उगमापासून काम सुरू झाले, दुसरीकडे पात्रापासून. सारा फरक या क्रमात आहे.

जीर्णोद्धाराचा क्रम

देवळाचा जीर्णोद्धार कसा होतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांनी नुकतेच डोळ्यांनी पाहिले आहे. प्रथम पाया तपासतात. गळती कोठे आहे ती शोधतात. कुजलेले लाकूड बदलतात. भिंत पक्की झाल्यावर गिलावा, मग रंग आणि सर्वांत शेवटी कळस. गळके छप्पर तसेच ठेवून कोणी कळसाला सोन्याचा मुलामा देत नाही. आणि देवळाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब गावासमोर मांडावा लागतो.

ओढ्याचा जीर्णोद्धारही याच क्रमाने व्हावयास हवा. पहिले काम उगमाकडचे. कारखान्याचे पाणी कारखान्यात आणि प्रक्रिया केंद्रातच शुद्ध व्हावे, रात्री-अपरात्री सोडले जाणारे पाणी बंद व्हावे. दुसरे काम वस्त्यांचे. कामोठे, कळंबोली, खारघर, तळोजे येथे लाखोंची वस्ती झाली. १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि हा भाग तिच्या हद्दीत आला. पावसाचे गटार आणि मैल्याचे गटार ही दोन निराळी राहिली पाहिजेत. शुद्ध केल्याखेरीज मैलापाणी खाडीत जाता कामा नये. तिसरे काम पाण्याच्या वाटेचे. रस्ता आणि भराव यांच्याखालील मोऱ्या व झडपा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. चौथे काम काठाचे. राडारोडा उचलावा आणि खारफुटीला तिची जागा द्यावी. एवढे झाल्यावर मग बगीचा, बाके आणि दिवे यांचा विचार करावा.

यातील पुष्कळशी कामे सरकारी खात्यांची आहेत, ग्रामस्थांच्या हातची नव्हेत, असे कोणी म्हणेल. ते बरोबरही आहे. तथापि बांधाची राखण ही जशी कायदा होण्यापूर्वी गावाची होती, तशी काही कामे आजही गावाचीच आहेत. निर्मालय आणि प्रसादाच्या पत्रावळी खाडीत न टाकता त्यांचे खत करणे हे देवळापासूनच सुरू होऊ शकते. पाण्याचा रंग किंवा वास बदलला तर तारीख, वेळ आणि भरती-ओहोटी यांची नोंद करणे हे शाळकरी मुलालाही जमण्यासारखे आहे. अशी नोंदवही वर्षभर नियमाने चालली तर ती कोणत्याही अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयापुढे ठेवता येईल. नुसत्या तक्रारीला जावक क्रमांक मिळतो. तारीखवार नोंदीला उत्तर द्यावे लागते. ज्या खाडीला सातबाऱ्यावर जागा मिळाली नाही, तिला निदान गावाच्या वहीत जागा मिळेल.

जुनी मंडळी जिताड्याच्या, चिंबोरीच्या जागा अजून सांगू शकतात. कोणत्या वळणाला कोलंबी मिळे, कोणत्या उघाडीपाशी बोईट उड्या मारीत, तिवरांची दाटी कोठवर होती, हे ज्ञान कोणत्याही नकाशावर नाही. पाणी निर्मळ झाले की कोणत्या जातीची मासळी प्रथम परत यावयास हवी हे त्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्याकडून हे लिहून घेतले नाही तर पुढच्या पिढीला खाडी म्हणजे पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्याची जागा, एवढेच माहीत राहील. नव्या कामोठ्यात इमारतींत राहावयास आलेली हजारो कुटुंबे आज या गावाचीच झाली आहेत. मंदिराच्या कार्यास त्यांनीही हातभार लावला आहे. त्यांनाही आपण कोणत्या पाण्याच्या काठी राहतो हे कळले पाहिजे, कारण पुढील महापुराचे पाणी जुने घर आणि नवी इमारत असा भेद करणार नाही.

देवळाच्या जीर्णोद्धाराला कळस चढला म्हणजे काम पुरे झाले असे समजतात. ओढ्याच्या जीर्णोद्धाराला कळस नाही. तेथे कोनशिला बसवून मोकळे होता येत नाही. उघाडीची झाप जशी दर भरतीला पाहावी लागे, तशी त्या पाण्याकडे रोज पाहणारी माणसे असावी लागतात. खारेपाटातील आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. त्यांनी समुद्राशी झुंज घेऊन मातीचे बांध पिढ्यान्‌पिढ्या उभे ठेवले, ते एकजुटीच्या बळावर. तीच एकजूट मंदिराच्या कार्यात पुन्हा दिसून आली. ती खाडीच्या काठापर्यंत पोहोचावी, आणि कासाडीच्या पाण्यात पाग टाकणाऱ्याच्या हाती पुन्हा जिताडा लागावा, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.